आईविना आलेली पिल्लं

अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू एक महत्त्वाचं काम उरकून घेतं. अंड्यात शिल्लक राहिलेला पिवळा बलक ते बेंबीवाटे पोटात ओढून घेतं. ही त्याची शिदोरी. तिच्या जोरावर ते जन्मानंतर दोन-तीन दिवस दाणापाण्याविना तग धरू शकतं. रवणावर बसलेल्या कोंबडीला ही सोय फार उपयोगी पडते. पोटाखालची दहा-बारा अंडी काही एकाच वेळी फुटत नाहीत. पहिलं पिल्लू बाहेर आल्यापासून शेवटचं येईपर्यंत दिवस-दीड दिवसही जातो. तोवर आईला उठता येत नाही आणि आधी जन्मलेल्यांना उपाशी थांबावं लागतं.

माणसाने याच सोयीवर एक अख्खा धंदा उभा केला. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या स्टॉक्टनच्या जोसेफ विल्सन यांनी १८९२ मध्ये एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दूरगावी पाठवून पाहिली आणि ती जिवंत पोहोचली. १९१८ पासून तिथलं टपाल खातंच अशी खोकी स्वीकारू लागलं. आपल्याकडे पिल्लं टेम्पोने, एसटीने किंवा मोटारसायकलच्या मागे बांधून येतात, पण त्यामागचं तत्त्व तेच. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात पंचवीस पिल्लं. एकेकाचं वजन जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम.

या खोक्यातून आई मात्र येत नाही. पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्या घरात ही गोष्ट कुणाच्या लगेच ध्यानात येत नाही, कारण पिल्लं दिसतात धडधाकट. ती चालतात, टोचतात, चिवचिवतात. पण ऊब देणं, दाणा दाखवणं, पाण्याकडे नेणं, घारीची सावली दिसताच पंखाखाली घेणं ही सगळी कामं जिने करायची ती तिथे नसते. पुढचे चार-पाच आठवडे घरातल्या माणसांना कोंबडीच्या जागी उभं राहावं लागतं. बाजारातून आणायची प्रत्येक वस्तू आणि करायचं प्रत्येक काम या एका गोष्टीवरून ठरतं.

पिल्लं आणायची कुठून, हा पहिला प्रश्न. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत आणि खासगी हॅचऱ्या तर ठिकठिकाणी आहेत. परसात हिंडून वाढणाऱ्या जातींमध्ये गिरिराजा, वनराजा, ग्रामप्रिया ही नावं कानावर पडतात. गिरिराजा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केली, तर वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने. झाबुआच्या काळ्या मांसाच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याची मागणी आणखी वाढली. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. परसात पाळलेली वनराजा नीट खायला मिळालं तर १०० च्या पुढे जाते. पण या सुधारित जातींनी अंडी वाढवताना एक गुण जवळपास गमावला आहे. त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे रवणाला बसत नाहीत. त्यामुळे पुढच्या पिढीसाठी पुन्हा हॅचरीतला खोका आणि पुन्हा आईविना पिल्लं.

सरकारी योजनांमध्ये एक दिवसाच्या १०० पिल्लांचा गट अनुदानावर मिळतो, त्याचप्रमाणे आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गटही मिळतो. पहिल्यांदाच पाळणाऱ्या कुटुंबाने १०० पिल्लांच्या वाटेला जाऊ नये. दहा-पंधरा पिल्लं पुष्कळ झाली. आणि घरात दिवसभर थांबणारं कुणीच नसेल, तर ऊब देण्याचा काळ संपलेली महिन्याभराची पिल्लं किंवा तलंगाच घ्याव्यात. त्या महाग पडतात, पण जगतात.

ऊब ही सगळ्यात मोठी जबाबदारी. पिल्लाच्या अंगावर असते ती लव. खरी पिसं यायला आणि शरीराचं तापमान स्वतः राखता यायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस तापमान हवं. पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी कमी करत आणायचं. पाच-सहा आठवड्यांत पिसं भरतात आणि बाहेरची हवा त्यांना सोसू लागते. म्हणूनच हंगाम पाहून पिल्लं आणणं शहाणपणाचं. विदर्भात मे महिन्यात दुपारी दिवा लावायचीही गरज पडत नाही, उलट पिल्लं उन्हाने कासावीस होतात. नाशिककडे डिसेंबरात रात्रभर ऊब तुटता कामा नये. कोकणात ऐन पावसात आणलेल्या पिल्लांना थंडीपेक्षा ओल जास्त छळते. पाऊस सरल्यावर, हवा कोरडी झाली की आणलेली पिल्लं तिथे जास्त सुखाने वाढतात.

ऊब देणारं हे रिंगण, म्हणजे ब्रूडर, घरी करता येतं. दीड फूट उंचीचा पुठ्ठा किंवा पत्रा वाकवून गोल रिंगण करायचं. चौकोनी खोका टाळावा, कारण थंडी वाजली किंवा दचकली की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. तळाला दोन-तीन इंच भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा. मधोमध, टोपीच्या आत, वरखाली करता येईल असा बल्ब. दर पिल्लामागे दोन वॅट हा मोठ्या कळपाचा हिशेब. दहा-पंधरा पिल्लांना साठ वॅटचा एक बल्ब बहुधा पुरतो.

इथे अलीकडे एक नवी अडचण येते. २०१५ पासून उजाला योजनेतून घरोघर एलईडी बल्ब पोहोचले आणि तारेचा पिवळा बल्ब दुकानांतून हळूहळू दिसेनासा झाला. वीज वाचली, हे उत्तमच झालं. पण एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देतच नाही. घरातला झगझगीत एलईडी बल्ब रिंगणावर टांगून निर्धास्त झोपलेल्या कुटुंबाला सकाळी गारठलेली पिल्लं दिसतात आणि चुकलं काय ते उमगत नाही. तारेचा बल्ब मुद्दाम मागून घ्यावा, किंवा कुक्कुटपालनाचं सामान मिळतं तिथून उष्णतेचा दिवा आणावा. तो दोरीने नव्हे, साखळीने टांगावा. कोरडं तूस आणि तापलेला दिवा एकत्र आले की आग लागायला वेळ लागत नाही. वीज जाण्याची सोयही आधीच करून ठेवावी. फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन-तीन तास निभावून नेतात. मडक्यात निखारे ठेवायची जुनी पद्धत हवेशीर पडवीत चालते, बंद खोलीत मात्र निखाऱ्यांचा विषारी वायू पिल्लांनाच काय, माणसांनाही घातक आहे.

थर्मामीटर असला तर चांगलंच, पण पिल्लांकडे पाहूनही सगळं कळतं. ती दिव्याखाली घट्ट गोळा होऊन मोठ्याने, तारस्वरात ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब, कडेला चिकटून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतं आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येतो आहे. आणि ऊब बरोबर असली की ती रिंगणभर पसरलेली असतात. एक पाणी पितं, दोन दाणे टिपतात, एखादं पाय मागे ताणून पंख पसरून निवांत पडलेलं असतं आणि आवाज हलका, सलग असतो. हे पाय ताणून पडलेलं पिल्लू पाहून नवखी माणसं घाबरतात. ते मेलेलं नसतं, गाढ झोपलेलं असतं.

प्रवासातून आलेल्या पिल्लांना आधी पाणी, मग दाणा. पाणी कोमट, त्यात थोडा गूळ किंवा इलेक्ट्रोलाइटची पूड. खोक्यातून एकेक पिल्लू उचलायचं, त्याची चोच अलगद पाण्यात बुडवायची आणि ते घोट घेऊन मान वर करतंय हे पाहून मगच सोडायचं. आई असती तर ती स्वतः पिऊन दाखवती. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात स्वच्छ गोटे टाकलेले हवेत. एक इंचभर पाण्यातही एवढंसं पिल्लू बुडतं, आणि नुसतं भिजलं तरी गारठून जातं.

दाण्याचंही तसंच. कोंबडी दाणा चोचीत उचलते, खाली टाकते आणि कुटकुट आवाज करून पिल्लांना बोलावते. माणसाने बोटाच्या टोकाने दाण्याशेजारी टकटक केली तरी पिल्लं धावत येऊन तिथेच टोचतात. ही युक्ती मुलांना शिकवावी, त्यांना हे काम मनापासून आवडतं. पहिले एक-दोन दिवस तुसावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मक्याचा बारीक भरडा टाकतात, म्हणजे दाणा ओळखू येतो आणि पिल्लं तूस खात नाहीत. पण कागद नंतर काढलाच पाहिजे. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, मांड्या फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होऊ शकतं.

नुसत्या तांदळाच्या कणीवर किंवा ज्वारीवर पिल्लं वाढवायचा मोह कुटुंबाने आवरायला हवा. कोंबडीमागे उकिरड्यावर फिरणारं पिल्लू कणीबरोबर किडे, अळ्या, वाळवी, कोवळे कोंब खात असतं, त्याला प्रथिनं तिथून मिळतात. रिंगणातल्या पिल्लाला उकिरडाच नसतो. त्याला चिक स्टार्टर नावाचं तयार खाद्यच हवं, ज्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. ‘ब२’ जीवनसत्त्व कमी पडलं तर पायाची बोटं आत मुडपतात आणि पिल्लू घोट्यावर बसून सरपटू लागतं. वेळीच लक्षात आलं तर ते सुधारतं, उशीर झाला तर नाही.

बुरशीबाबत तर जराही ढिलाई नको. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. कारण सुरुवातीला सापडेना. अखेर शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. त्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीतलं विष म्हणजे अफलाटॉक्सिन. जगाला त्याची ओळख या टर्कींच्या मरणातून झाली. पावसाळ्यात ओल लागलेला मका किंवा कुबट वासाची शेंगदाणा पेंड ‘कोंबड्यांना काय होतंय’ म्हणून टाकणाऱ्या घराने हे ध्यानात ठेवावं. माणसाने खाऊ नये ते पिल्लांनाही घालू नये.

पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी प्रत्येक पिल्लू उलटं करून बुडाखाली बघावं. प्रवासाच्या ताणाने किंवा उबेच्या चढउताराने विष्ठा पातळ होते, लवेला चिकटते, वाळते आणि गुदद्वार बंद करून टाकते. असं पिल्लू दोन दिवसांत मरतं. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने ते भिजवून हळूच सोडवायचं, ओढायचं नाही, आणि पिल्लू पूर्ण कोरडं करून मगच दिव्याखाली ठेवायचं. काम पाच मिनिटांचं असलं तरी त्यावर जीव अवलंबून असतो.

रोगांमध्ये सगळ्यात धास्ती मानमोडीची. हिचं दुसरं नाव रानीखेत, कुमाऊंमधल्या त्या गावावरून पडलेलं. मान वाकडी होते, पाय-पंख लुळे पडतात, हिरवट पांढरी हगवण लागते आणि आळीतली खुराडी एका आठवड्यात रिकामी होतात. तिच्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हा, सहा-आठ आठवड्यांनी देवीची आणि मानमोडीची टोचणी. मात्र दहा पिल्लांच्या कुटुंबापुढे पेच पडतो तो असा, की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी लस द्यावी. पैसेही वाचतात आणि शेजाऱ्याची कोंबडी लशीवाचून राहत नाही, ज्याचा फायदा सगळ्यांनाच होतो.

रक्ती हगवण हा दुसरा शत्रू. तो ओल्या तुसात वाढतो. पाण्याच्या भांड्याभोवतीचं भिजलेलं तूस रोज काढून कोरडं टाकलं तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पिसं फुगवून पेंगू लागली, तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

बर्ड फ्लूने भारतात पहिल्यांदा डोकं वर काढलं ते महाराष्ट्रात, २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा आला. रानपाखरं जिथे पाणी पितात तिथे पिल्लांना पाजू नये आणि अनेक पक्षी अचानक मेले तर गुपचूप पुरून न टाकता कळवावं, एवढं प्रत्येक घराला करता येतं.

आता मुलांविषयी. पिल्लं आणण्यामागे बहुतेक घरांत मुलांचा हट्टच असतो, आणि पिल्लंही मुलांना चिकटतात. यामागचं शास्त्र पहिल्यांदा नीट मांडलं डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज माणसाने, १८७३ मध्ये. अंड्यातून निघताच त्याने काही पिल्लांच्या डोळ्यांवर टोप्या चढवल्या. दोन-तीन दिवसांत टोपी काढलेली पिल्लं समोर जे हललं त्याच्यामागे चालू लागली, मग तो माणूस का असेना. चौथ्या दिवसापर्यंत टोपीत राहिलेली पिल्लं मात्र त्याला पाहून घाबरून पळाली. पिल्लू कुणाला आपलं मानणार हे ठरण्याची मुदत अशी अगदी थोडी असते. स्पॉल्डिंग पुढे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या घरी शिक्षक होता. रसेलच्या आईवडिलांनी त्याच्या प्रयोगांसाठी दिवाणखान्यात कोंबड्या सोडू दिल्या आणि त्यांनी तिथे व्हायची ती नासधूस केली.

म्हणून पहिले काही दिवस मुलांनी रिंगणाशी बसावं, हळू बोलावं, हात वरून न नेता बाजूने पुढे करावा. वरून येणारा हात पिल्लाला घारीसारखा वाटतो. पण लाड हातापुरतेच. गालाला लावणं, मुका घेणं, पिल्लू घेऊन ताटावर बसणं नको. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत २०२० मध्ये घरगुती कोंबड्यांमुळे १,७०० हून अधिक माणसं या जंतूने आजारी पडल्याची नोंद झाली. पिल्लाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना ती नुसती दाखवायची.

जत्रेत, आठवडे बाजारात गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं विकायला येतात. कित्येक शहरी घरांत पहिलं पिल्लू आलं ते असंच. ही बहुतांशी अंड्यांच्या जातीतले नर असतात. ते अंडी देत नाहीत, मांसही त्यांच्यावर धड चढत नाही, म्हणून हॅचरीच्या लेखी ते टाकाऊ. जगभर अशी नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्यातली काही रंगात बुडवून मुलांच्या हाती येतात. ना दिवा, ना स्टार्टर, बुटाच्या खोक्यात कापूस घालून ठेवलेलं ते पिल्लू दोन-चार दिवसांत मरतं आणि मूल रडतं. ही विक्री थांबायला हवी. आई-वडिलांनी ती पिल्लं विकत घेणं बंद केलं की ती थांबेल. आणि एखादं आधीच घरी आलं असेल, तर त्यालाही वरच्यासारखीच ऊब आणि दाणा द्यावा. नवी पिसं येतील तसा रंग जातो आणि आतून पांढरा किंवा तांबडा कोंबडा निघतो.

नर-मादीचा प्रश्न एरवीही सुटत नाही. एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार उघडून आतल्या बारीकशा उंचवट्यावरून लिंग ओळखण्याचं तंत्र जपानी संशोधकांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विकसित केलं, पण त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. परसातल्या जातींची पिल्लं बहुधा न निवडताच मिळतात, म्हणजे निम्मी नर निघणार हे धरून चालावं. दोन-तीन महिन्यांत तुरे लाल होतात आणि फाटक्या आवाजात आरवण्याचा सराव सुरू होतो. दहा माद्यांना एक नर पुरतो आणि नुसती अंडी खायची असतील तर एकाचीही गरज नसते. बाकीच्यांचं काय करायचं, ते घरी खायचे, विकायचे की कुणाला द्यायचे, हे मुलांनी त्यांना नावं ठेवण्याआधीच घरात बोलून घ्यावं.

महिना-दीड महिन्यात रिंगण अपुरं पडतं आणि पिल्लं एकमेकांवर उड्या घेऊन भांडू लागतात. ही भांडणं पाहूनच थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या मुलाने कोंबड्यांमधला मानाचा क्रम ओळखला. लहानपणापासून तो कोणती कोंबडी कुणाला टोचते हे वहीत लिहून ठेवायचा, आणि पुढे १९२२ मध्ये त्याचं संशोधन प्रसिद्ध झालं. पहिला मान एकीचा, तिने कुणालाही टोचावं, दुसरीने पहिली सोडून सगळ्यांना, असं थेट शेवटचीपर्यंत. शेवटचीला सगळ्यांचं टोचणं सोसावं लागतं आणि दाणाही उशिरा मिळतो. म्हणून खाद्याची भांडी दोन, तीही लांब लांब ठेवावीत. रक्त निघालं तर त्या पिल्लाला लगेच वेगळं काढावं, कारण लाल रंग दिसला की बाकीची तिथेच टोचत सुटतात.

खुराड्याला अर्ध्या इंचाची घट्ट जाळी लावावी. मोठ्या भोकांच्या जाळीतून घूस आणि मुंगूस सहज आत शिरतात आणि एका रात्रीत सगळी पिल्लं संपवतात. दिवसा मांजर, कावळा आणि शिक्रा यांच्यापासून जपण्यासाठी बांबूचं डालगं अजूनही उत्तम. सुरुवातीचे आठ-दहा दिवस संध्याकाळी पिल्लांना हाताने धरून खुराड्यात डालावं लागतं, कारण आत जायची वाट दाखवणारी आई त्यांना मिळालेलीच नसते. पुढे दिवेलागणीला ती आपणहून आत जाऊ लागतात. अंड्यांवर येईपर्यंत त्यांना लेयरचं खाद्य देऊ नये. त्यातला जादा चुना वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. सहाव्या महिन्याच्या आसपास तुरा आणि गाल लालभडक होतात, तलंग आडोसे धुंडाळू लागते. तेव्हा खाद्य बदलावं आणि अंधाऱ्या कोपऱ्यात गवत घातलेली टोपली ठेवावी. पहिली अंडी लहान असतात, कधी एखादं बलकाविना, कधी मऊ कवचाचं. पुढच्या काही आठवड्यांत त्यांचा आकार वाढतो.